मधी कुठं हुतास?

कोल्हापूरजवळ सांगली फाट्याला हायवेच्या कडेला एक चहाचा गाडा आहे, त्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, जोतिबाचं कॅलेंडर, खिळ्याला टोचलेल्या बिल्ट्यांचा, म्हणजे मालाच्या पावत्यांचा, गठ्ठा आणि कोपऱ्यात एक जुना टायर, ज्याच्यावर मी बसलो होतो कारण दुसऱ्या खुर्चीवर अण्णांची पिशवी होती आणि त्यांनी ती उचलली नाही. नोव्हेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा. अण्णा दोन ट्रकांचे मालक, मी ड्रायव्हरचं काम मागायला आलेलो. माझं वय ३३. अण्णांनी लायसन्स हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मग नातवाला हाक मारून मोबाईलवर नंबर टाकून बघायला लावलं, ते खरं निघालं, मग चष्म्याच्या वरनं माझ्याकडं बघत म्हणाले, "धाला कॉलेज सोडलंस म्हंतोस. आता तेवीस सरत आलं. मधी कुठं हुतास?"

१३ वर्षांचा हिशोब कुणी असा एका वाक्यात मागितला की माणूस आधी घसा साफ करतो. मी पण केला.

कॉलेज सोडल्यावर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला लागलो, ७ महिने. फेटलिंग म्हणजे कास्टिंग साच्यातनं बाहेर आलं की त्याच्या कडेला राहिलेलं जास्तीचं लोखंड ग्राइंडरनं काढायचं, दिवसभर ठिणग्या आणि रात्री नाक शिंकरलं की काळं. ते सोडलं. मग राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानात दीड वर्ष, मालकाशी वाजलं. मग घरी. मग पहाटे दुधाच्या टेम्पोवर, २०१२ ला चारचाकीचं लायसन्स काढून ठेवलं होतं ते तिथं कामाला आलं आणि गाडीचा नाद पण तिथंच लागला, पण टेम्पो मालकानं विकला. मग परत घरी. मग एका फायनान्सवाल्याकडं वसुलीला, म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून त्यांच्या पोरांसमोर हप्ता मागायचा, ते ३ महिन्यांत सुटलं आणि त्याचं मला आजपण वाईट वाटत नाही. मग चाकणला कॉन्ट्रॅक्टवर, ११ महिने झाले की ब्रेक देऊन परत नवीन म्हणून घ्यायचे. २०२० च्या लॉकडाऊनला कोल्हापूरला आलो तो परत गेलोच नाही. मग वडलांना पॅरालिसिस. वडलांचं आजारपण ८ महिन्यांचं होतं, मी ते मुलाखतीत दीड वर्षांचं करून सांगायचो.

ही कारणं मी एवढ्या वेळा सांगितलीत की मलापण पाठ झालीत, आणि त्यातली निम्मी खरी आहेत, निम्मी मी नोकरी सुटल्यावर तयार केलीत. खरं काय व्हायचं तर प्रत्येक ठिकाणी एक दुपार यायची. काही विशेष घडलेलं नसायचं. जेवणाचा डबा खाऊन झालेला असायचा, परत मशीनकडं किंवा काउंटरकडं जायचं असायचं, आणि पाय उठायचेच नाहीत. मग दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून सुट्टी, तिसऱ्या दिवशी फोन सायलेंटवर, आणि आठवड्यानं मित्राला पाठवून राहिलेला पगार मागवायचा. मी एकापण ठिकाणी तोंडावर सांगून नोकरी सोडलेली नाही.

आता ट्रकचं म्हणाल तर त्याची सुरुवात पुरात झाली. जुलै २०२१. पंचगंगेचं पाणी पुलाची शिरोलीजवळ हायवेवर आलं, २०१९ ला आलं होतं तसंच, आणि पुणे-बेंगलोर रस्ता बंद. कर्नाटकाकडनं आलेल्या ट्रकांची रांग उजळाईवाडीपासून मागं कागलकडं लागलेली. आमच्या तालमीची पोरं खिचडीची पातेली घेऊन निघाली, मी रिकामाच होतो, गेलो. एका चौदा टायर गाडीत एक पन्नाशीचा ड्रायव्हर एकटाच बसलेला, काचा वर, पाऊस धो धो. मी म्हटलं, "मामा, शाळेत गाद्या टाकल्यात, चला तिकडं."

"आन गाडी?"

"गाडी कोण खातंय व्हय?"

"गाडीत मका हाय दावणगेऱ्याचा. दुसऱ्याचा माल. भिजला तर?"

नंतर कळलं की या माणसाचं घर कागलात, गाडी उभी होती तिथनं ८-१० किलोमीटरवर, बायको दर तासाला फोन करून जेवायला बोलवत होती आणि हा गडी केबिनमध्ये बसून राहिलेला, दर दोन तासांनी खाली उतरून ताडपत्रीचे कोपरे बघायचा. मी दुसऱ्या दिवशी खिचडी द्यायला मुद्दाम त्याच गाडीपाशी गेलो. त्यानं विचारलं, काय करतोस. मी म्हटलं, काय नाही. "काय न्हाई कसं," तो म्हणाला, "खिचडी वाटतोईस की." नंबर घेतला. पुढं त्याला मी उस्ताद म्हणायला लागलो.

त्या दिवाळीनंतर ३१ व्या वर्षी मी उस्तादच्या गाडीवर किन्नर झालो. किन्नर म्हणजे क्लिनर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ढाब्यावर बाकीचे किन्नर १८-१९ वर्षांची पोरं, ती मला काका म्हणायची. घरात आईनं शेजारणीला सांगितलं की पोरगा ट्रान्सपोर्ट लाइनला आहे, जे अगदी खोटं नव्हतं.

उस्ताद शिकवत नव्हता, तो करायचा आणि आपण बघायचं, आणि चुकलं की शिवी. पहिले २ महिने स्टिअरिंगला हात नाही. ताडपत्री. लोकांना वाटतं ताडपत्री टाकणं म्हणजे चादर टाकणं. दोन ताडपत्र्या असल्या की आधी मागची टाकायची, मग पुढची, म्हणजे पुढचीचा काठ मागचीच्या वर येतो, उलटं केलं तर ८० च्या स्पीडला वारं आत शिरतं आणि ताडपत्री फुग्यासारखी उठते. रस्सी हुकात घालून अंगाचा भार देऊन खाली बसायचं, तळहाताची सालं निघतात, आणि गाठ अशी मारायची की उतरवताना एका झटक्यात सुटली पाहिजे पण सातशे किलोमीटर गाडी हादरली तरी आपणहून सुटता कामा नये. ही गाठ मला दीड महिन्यानं आली. आजपर्यंतच्या सगळ्या नोकऱ्यांत मिळून मी काय शिकलो असं कुणी विचारलं तर मी ही गाठ दाखवीन.

मग टायर. लोखंडी रॉडनं ठोकायचे, हवा भरलेला टायर ठण्ण वाजतो, बसलेला भद्द. जोडटायरात आतला बसलेला असला तर बाहेरनं दिसत नाही, म्हणून कानानं बघायचं. मग एअर. सकाळी इंजिन चालू केलं की एअर प्रेशरचा काटा वर येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, ब्रेक हवेवर आहेत, हवा नाही तर ब्रेक नाही. आणि हवेच्या टाकीच्या खालचा कॉक उघडून पाणी काढायचं, कारण हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत साठते. कॉक उघडला की फस्स करून आधी पांढरट तेलकट पाणी येतं मग नुसती हवा. हे काम कुणी बघत नसतं, म्हणून बरेच जण करत नाहीत. घाटाचं एकच वाक्य, ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणाऱ्यांना उस्ताद एक शब्द वापरायचा तो इथं लिहिता येत नाही.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो कारण पोरं सारखी विचारतात. वय २० पूर्ण पाहिजे, चारचाकीचं लायसन्स काढून एक वर्ष झालेलं पाहिजे, मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग निघतं, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचं सर्टिफिकेट, लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, ३० दिवस थांबून आरटीओत टेस्ट. आधी आठवी पासची अट होती, ती २०१९ ला काढली. उस्ताद चौथी शिकलेला, त्याच्या वेळी ती अट कशी पार पडली हे मी विचारलं नाही. लायसन्स दर ५ वर्षांनी रिन्यू. आणि ज्याला लगेच मोठ्या गाडीवर जायचं नाही त्यानं हे लक्षात ठेवावं की नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, ७५०० किलोच्या आतली मालाची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते, त्यामुळं छोटा हत्ती, पिकअपवर वर्षभर हात बसवायला काय हरकत नाही. मी आरटीओत पहिल्या टेस्टला रिव्हर्सला नापास झालो. दुसऱ्यांदा पास. २०२२ चा पावसाळा.

लायसन्स खिशात आलं आणि मला वाटलं झालं, देशात ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून ओरड आहे, आता लाइन लागेल. लाइन लागली ती माझी, दुसऱ्यांच्या दारात. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती वर्षं चालवलीस? चालवायला दिल्याशिवाय वर्षं कुठनं आणू हे सगळेच नवे ड्रायव्हर म्हणत असतील, पण माझ्या बाबतीत ते नुसतं नवेपण नव्हतं. २२ वर्षांचं पोरगं नवीन असलं तर चालतं, त्याला मालक शिकवतो, चार शिव्या देतो, पोरगं तयार होतं. ३२ वर्षांचा नवीन माणूस बघितला की मालकाच्या डोक्यात लगेच येतं, हा इतके दिवस काय करत होता, बाटली का तुरुंग? एकानं हे तोंडावर विचारलं. मी दोन्हीला नाही म्हटलं तर तो म्हणाला मग काय?

तर मी खोटं बोललो. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टवाल्याला पगारी ड्रायव्हर पाहिजे होते, पीएफ, गणवेश, पोलिसांचा चारित्र्य दाखला, सगळं रीतसर, आणि फॉर्मवर रकाना, अनुभव. एका ओळखीच्यानं लेटरहेडवर ३ वर्षांचा अनुभव लिहून दिला, पुणे-कोल्हापूर लाइन. मुलाखतीला मॅनेजर साधा माणूस, हळू आवाजात बोलणारा. त्यानं लेटर वाचलं, बाजूला ठेवलं, चहा मागवला आणि सहज गप्पा मारल्यासारखं म्हणाला, "पुण्याकडनं येताना खंबाटकीच्या बोगद्यात गर्दी लई असती न्हाई?"

मी म्हटलं, "लई साहेब. काय विचारू नका."

त्यानं काय विचारलंच नाही. तो जुना बोगदा साताऱ्याकडनं पुण्याला जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. पुण्याकडनं येणारी गाडी तेव्हा घाट चढून यायची. हे मला माहीत होतं, चाकणला असताना मी त्या रस्त्यानं एसटीनं पन्नास वेळा तरी आलोय आणि त्या घाटात डोकं खिडकीवर आपटून जागा झालोय, उस्तादबरोबर त्याच घाटात गिअर मोजत बसलोय, पण खोटं बोलताना माणूस समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणत सुटतो. मॅनेजरनं चहा पूर्ण पिऊ दिला. बाहेर येताना लेटर माझ्या हातात परत देत म्हणाला, "ह्ये ठेवा, दुसरीकडं दावू नका." शरमेनं मी कागलच्या स्टँडपर्यंत चालत गेलो.

त्या रात्री बारावीतल्या एका मित्राला फोनवर हे सगळं सांगितलं, तो कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या शेजारी एक सरदारजी ट्रक चालवतात, त्यांच्याकडनं त्यानं ऐकलेलं की तिकडं अर्जातच मागच्या ३ वर्षांच्या सगळ्या नोकऱ्या लिहायच्या, आणि मोठी गाडी चालवली असेल तर त्याच्या मागच्या आणखी ७ वर्षांतल्या गाडीवरच्या नोकऱ्यापण, कुठं होता, का सोडलं. नवीन कंपनी जुन्या कंपनीला अपघाताबद्दल विचारते, दारू-ड्रग्जच्या टेस्टचं रेकॉर्ड बघते. मी म्हटलं बरं झालं मी तिकडं नाही. तो म्हणाला अरे उलट, तिकडं एकदा लिहून दिलं की निदान सगळ्यांना तेच माहीत असतं. मला ते तेव्हा पटलं नाही. आपल्याकडं फॉर्म नाही पण सांगली फाट्याच्या चहाच्या गाड्यावर सगळं लिहिलेलं असतं, कोण कुणाच्या गाडीवर होता, कुणी डिझेल काढलं, कोण ॲडव्हान्स घेऊन गायब झाला. माझं तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि कोरं पान बघून मालक जास्त बिचकतो.

मला शेवटी काम मिळालं ते ऊस आंदोलनामुळं. २०२३ च्या सीझनला स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं आदल्या वर्षीच्या उसाला टनाला ४०० रुपये जादा मागितले, तोडी अडवल्या, ऊसगाड्या अडवल्या, कारखान्यांची धुराडी थंड. शेवटी २३ नोव्हेंबरला पुलाची शिरोलीला हायवेच रोखला आणि त्या दिवशी तोडगा निघाला. पण तोपर्यंत जे ड्रायव्हर महिनाभर बसून होते त्यातले बरेच कंटाळून दुसऱ्या लाइनला गेले, अण्णांचा ड्रायव्हर टँकरवर गेला, आणि आता सगळ्या कारखान्यांना एकाच वेळी ऊस पाहिजे, तोडणीची टोळी बीडहून येऊन बसलेली, गाडी उभी. उस्तादनं अण्णांना फोन केला. काय सांगितलं माहीत नाही. मला फक्त म्हणाला, "जा, आन त्यो बोगद्याचा शाणपणा करू नगंस."

म्हणून टायरवर बसून मी अण्णांना सगळं सांगितलं. फाउंड्री, मोबाईल, वसुली, चाकण. वडलांचे ८ महिने ८ च सांगितले. बोगद्याचं पण सांगितलं, त्याला ते हसले, पोट हलवून. मग गप्प झाले.

"म्हंजे टिकत न्हाईस कुठं."

"न्हाई अण्णा."

"गाडी कवा वाटंत सोडून गेलाईस काय?"

"गाडीच न्हवती अण्णा सोडायला."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. काही वर्षांमागं त्यांचा एक ड्रायव्हर, १५ वर्षांचा अनुभव, कागद एक नंबर, हुबळीच्या पुढं एका ढाब्यावर गाडी उभी करून निघून गेला. किल्ली मागच्या टायरवर ठेवलेली, फोन बंद, गाडीत माल. अण्णा ६० च्या वयात एसटीनं हुबळी, तिथनं मिळेल त्या गाडीनं ढाब्यावर, तर डिझेलची टाकी रिकामी आणि स्टेपनी गेलेली. "का ग्येला म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले. "भांडान न्हाई, पगार थकलेला न्हाई. नुसता ग्येला." मी खाली बघत होतो. का गेला ते मला माहीत होतं. ढाब्यावर जेवण झालं असेल, दुपार असेल.

अण्णा उठले, बाहेर गाडीपाशी गेले. जुनी दहा टायर. म्हणाले, चालू कर. मी आधी फिरून आलो, रॉड मागितला, टायर ठोकले, डाव्या बाजूचा आतला भद्द वाजला, सांगितला. मग खाली वाकून एअर टाकीचा कॉक उघडला. फस्स झालं आणि इतकं पाणी आलं की माझा शर्ट भिजला, किती महिने कुणी काढलं नव्हतं कोण जाणे. अण्णांनी गाडी चालवून बघायला सांगितलंच नाही. पगार १२ हजार, खेपेला भत्ता वेगळा, सीझनभर उसावर, मग बघू. आणि नातवाला म्हणाले, "ह्येचं आधार कार्ड झेरॉक्स काढून ठेव, दोन्ही बाजू."

उसाची लाइन म्हणजे ड्रायव्हरपेक्षा थांबणाराचं काम. फडात गाडी भरायला ३-४ तास, आणि कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागायला कधी १० तास, कधी १८. मळीच्या आंबूस वासात केबिनमध्ये पाय दुमडून झोपायचं. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ लिहिलेले होते, पण तो ५ किंवा जास्त कामगार असलेल्यांना, आणि अण्णांच्या गाड्या दोन. शिवाय गाडीतळावर झोपलेला ड्रायव्हर काम करतोय का आराम हे कुठलं सरकार ठरवणार. २०२५ पासून नवीन बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला म्हणे, चांगलंय, आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच दोरीनं बांधलेली होती.

जानेवारी २०२४ ची १ आणि २ तारीख, देशभर ड्रायव्हरांचा संप. नवीन कायद्यात अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, आधी २ वर्षांपर्यंत होती. पेट्रोल पंपांवर रांगा. गाडीतळावर दिवसरात्र हीच चर्चा, की थांबलो तर जमाव मारून टाकतो आणि पळालो तर १० वर्षं. मग सरकार म्हणालं, वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय ते कलम लागू करणार नाही, आणि संप मिटला. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि त्यामुळं मी गप्प होतो, पण ती पळून जायची चर्चा चालू असताना मला आपल्यालाच कुणीतरी बोलतंय असं वाटत होतं, आणि मी तर आयुष्यात साध्या लाकडी ठोकळ्यालापण धडक दिलेली नाही.

आणि मग ती दुपार आलीच. जानेवारीचा तिसरा आठवडा, बाजारभोगावच्या अलीकडं, फडातनं डांबरीवर येताना चाकोरीत मागचं चाक बसलं आणि कडाक् करून आवाज, गाडी डाव्या अंगाला कलली. पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, तुटला. २०१८ ला सरकारनं दहा टायरचं पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन, २५ टनावरनं २८.५ केलं, पण उसाची गाडी भरताना टोळीच्या मुकादमाला ते आकडे कोण सांगणार, मोळ्या चढत राहतात आणि ड्रायव्हर नवीन असला की तो बास म्हणत नाही. मी म्हटलं नाही. ती चूक माझी.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले आज मेस्त्री न्हाई, उद्या सकाळी येतो पाटा घेऊन, गाडी सोडू नगंस. किन्नर पोरगं म्हणालं मी जेवण आणतो, आणि जे गेलं ते संध्याकाळी फोनवर सापडलं, कोल्हापुरात, बहिणीकडं. चारच्या सुमाराला एसटी आली. माझ्यासमोर थांबली कारण माझी गाडी निम्मा रस्ता अडवून उभी होती, कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "येतोस काय? ह्येच्यानंतर आज गाडी न्हाई."

पाय उठायचे नाहीत म्हणालो ना मी मघाशी, या वेळी उलटं झालं, पाय आपोआप उठले. एक पाय पायरीवर होता. डोक्यात सगळं तयार झालं, अण्णांना काय सांगायचं, ताप आला होता, फोनची बॅटरी गेली होती, किल्ली समोरच्या टपरीवाल्याकडं दिली होती. त्या टपरीवाल्याचं शटर बंद होतं, हे पण दिसत होतं. कंडक्टर म्हणाला, "चल की लवकर." मी म्हटलं, "मागचं बघून सांगतो, घ्या तुम्ही डाव्या अंगानं," आणि खाली उतरून त्याची एसटी माझ्या गाडीच्या कडेनं काढून दिली, आरसा दोन बोटांवरनं गेला. एवढंच. उस्तादसारखा मका-बिका मला काही आठवला नाही. एसटी काढून द्यायला कुणीतरी लागणार होतं आणि ती गेल्यावर जायला दुसरी गाडी नव्हती.

रात्री थंडी बेकार. मागं-पुढं दगड लावले, उसाच्या पाल्याचा ढीग मागं रस्त्यावर टाकला आणि रिफ्लेक्टर नव्हता म्हणून त्याच्यावर माझा पांढरा टॉवेल. दर अर्ध्या तासाला एखादी मोटरसायकल आली की उतरून मोबाईलचा टॉर्च हलवायचो. साडेआठला वस्तीवरनं एक म्हातारी नातवाला घेऊन आली, भाकरी, पिठलं, कांदा. ताट परत द्यायला सकाळी ये म्हणाली. नातू म्हणाला, "काका, दोन ऊस काढू?" मी म्हटलं काढ, तर म्हातारीनं त्याला फटका दिला, "दुसऱ्याचं हाय त्ये."

सकाळी ९ ला अण्णा मेस्त्रीच्या मोटरसायकलवर मागं बसून आले, मांडीवर पाटा आडवा धरून. उतरले, गाडीकडं बघितलं, टॉवेलकडं बघितलं. मला काही बोलले नाहीत. मेस्त्रीला म्हणाले, "सेंटर बोल्ट पन बदल." जॅक, लाकडी ठोकळे, ३ तास. मी ताट धुऊन म्हातारीला देऊन आलो. दुपारी निघालो, कारखान्यावर काटा झाला, आणि ऊस दिवसभर वाळल्यामुळं वजन कमी भरलं, त्यावरनं शेतकऱ्याची बोलणी पण मीच खाल्ली.

३१ तारखेला हिशोब. अण्णांनी वही पुढं सरकवली. पाटा, सेंटर बोल्ट, मेस्त्री, पेट्रोल, आणि त्याच्यातला निम्मा खर्च माझ्या नावावर. जास्त भरली म्हणून. मी वहीकडं बघत बसलो. आधीचा मी असतो तर काय बोललो नसतो, मान हलवून बाहेर पडलो असतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. मी म्हटलं, "अण्णा, ह्ये चालायचं न्हाई." ते म्हणाले का चालायचं न्हाई. मग आम्ही पाऊण तास भांडलो, मोठमोठ्यानं, चहाच्या गाड्यावरची माणसं आत डोकावायला लागली, मी रात्रीचा भत्ता मागितला, त्यांनी मुकादमाचं काढलं, मी जुन्या पाट्याला आधीच तडा होता ते काढलं, मेस्त्रीला फोन लावून साक्ष घेतली. शेवटी निम्म्याचं पाव झालं आणि रात्रीचा भत्ता धरला. अण्णांनी खोडून परत लिहिलं, खोडलेलं दिसेल असंच.

"उद्या म्हाळुंग्याला फड हाय," ते म्हणाले. "पाचला निघ. किन्नर दुसरा बघितलाय." आणि दुसऱ्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी खाली ठेवली, पण तोपर्यंत मी उभा होतो.